सोनटक्क्याला दिलेला ताण

नागपूरच्या उत्तरेला सौंसरच्या आसपास ज्याची संत्र्याची बाग होती, तो वैशाखात एकदा तरी गुणवंताला बांधावर बोलवायचा. गुणवंता यायचा, झाडाभोवती फेरी मारायचा, एक पान बोटात धरून मोडून पाहायचा, खोडाजवळची माती पायाच्या अंगठ्यानं उकरायचा आणि सांगायचा, "अजून आठ दिवस." किंवा, "बसला. उद्या पाणी सोडा." यापेक्षा जास्त बोलत नसे. त्याच्या शब्दावर शंभर झाडांचं पाणी अडायचं, आणि त्याच्याच शब्दावर सुटायचं.

संत्र्याचं झाड आपखुशीनं फुलत नाही. बहार धरायचा तर त्याचं पाणी तोडावं लागतं, मुळांवरची माती ओढून त्यांना ऊन दाखवावं लागतं. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, काही गळतात. मग पाणी दिलं की झाड अंगभर फुटतं. याला ताण देणं म्हणतात. ताण कमी पडला तर नुसती पालवी येते. जास्त झाला तर फांद्या वाळतात. मधले चार-पाच दिवस ओळखता आले पाहिजेत. गुणवंताला ते ओळखता यायचे, आणि हे तो कोणाकडून शिकला नव्हता. यशवंतरावांच्या बागेत वीस वर्षं सालदार म्हणून राबला, त्यातून ते हाताला आलं होतं.

त्याची स्वतःची जमीन नव्हती. घर होतं, दोन खोल्यांचं, मातीचं. बायको मनकर्णा होती. मुलगी लग्न होऊन लोधीखेड्याला दिलेली. कामाच्या बाबतीत तो कडक होता. दुसऱ्यानं खणलेलं आळं त्याला पसंत पडत नसे. सत्तेचाळीसच्या ऑगस्टात शाळेत झेंड्याचा खांब उभा करायचा होता, तेव्हा मोरेश्वर गुरुजींनी त्याला बोलावलं. इतर लोक म्हणत होते, हातभर खड्डा पुरे, उद्याच्या दिवसापुरतं तर काम आहे. गुणवंतानं अडीच हात खणला, तळाला दगड बसवला, माती चार थरांत भरली आणि प्रत्येक थर पहारीच्या बुडानं ठोकला. गुरुजी म्हणाले, "अरे गुणवंता, झेंडा लावायचाय, विहीर नाही खणायची."

"गुरुजी, उद्याच काढून टाकायचा असन तर सांगा. तसा खणतो."

गुरुजी हसले. पण त्या दिवसापासून त्यांनी त्याला लक्षात ठेवलं.

त्रेपन्न साली गुणवंताची कंबर गेली. मोट हाकताना बैल विहिरीच्या उतारावरून, धावेवरून, खाली जाऊ लागले की हाकणारा मोटेच्या दोरावर, नाड्यावर, बसतो, म्हणजे त्याचंही वजन ओढीला लागतं. त्या दिवशी नाडा तुटला. बैल पुढं कोसळले आणि गुणवंता धावेवर कमरेवर आपटला. तीन महिने तो पालथा पडून होता. उठला तेव्हा त्याला चालता येत होतं, उकिडवं बसता येत होतं, पण भरलेली घागर उचलता येत नव्हती. यशवंतराव माणूस वाईट नव्हता. ते म्हणाले, "ताण पाहाले येत जा. बाकी काम तुले जमणार नाही, गुणवंता." हे खरंच होतं. पण ताणाचं काम वर्षातून थोडेच दिवस असतं.

मग गुरुजींनी निरोप धाडला. त्यांच्या भाड्याच्या घरामागं नहाणीचं पाणी साचून डबकं झालं होतं, डास झाले होते. गुणवंता गेला. त्यानं पाहिलं, काठी टाकून उतार मोजला आणि नहाणीपासून कुंपणापर्यंत चार बोटं उतार ठेवून एक पाट काढला. चार दिवसांचं काम त्यानं कमरेमुळं नऊ दिवसांत केलं. नववा दिवस संपला तेव्हा गुरुजींची बायको, उर्मिलाबाई, मागच्या दारात येऊन उभी राहिली. तिनं बादलीभर पाणी स्वतः ओतलं आणि ते कुठंही न थांबता शेवटपर्यंत गेलेलं पाहिलं.

"गुणवंताभाऊ, रोज सकाळी दोन तास येत जाल का? मला इथे बाग करायचीय."

कोणी कीव करून काम दिलं असतं तर ते त्याला कळलं असतं. बाईनं आधी पाणी ओतून पाहिलं होतं, मग विचारलं होतं. गुणवंतानं घरी जाऊन मनकर्णेला हेच सांगितलं, आणि ते तो पुढं आयुष्यभर सांगत राहिला.

उर्मिलाबाई कोकणातली. त्या पावसाळ्यात ती माहेरी जाऊन आली आणि येताना आईनं परसातून खणून दिलेला एक गड्डा घेऊन आली, सोनटक्क्याचा. सोनटक्का इकडं कोणी लावत नसे. पान हळदीसारखं, उंची माणसाच्या छातीपर्यंत, आणि शेंड्याला पांढरी फुलं, संध्याकाळी उमलणारी. त्या वासानं अंगण भरतं, असं बाई सांगायची. त्याला पाणी लागतं म्हणून तो नहाणीच्या पाटाजवळ लावला.

पहिल्या वर्षी पानं आली. दुसऱ्या वर्षी पानं आली, आणखी दाट. तिसऱ्या वर्षी एका दांड्यावर कळीसारखं काहीतरी दिसलं आणि उन्हानं करपलं. कोकणातून आईचं पत्र आलं की त्यात शेवटी एक ओळ असायचीच: सोनटक्का फुलला का? बाई ती ओळ मोठ्यानं वाचायची आणि हसायची. पण उत्तर लिहायला बसली की त्या ओळीचं उत्तर शेवटी लिहायची.

"माजलं हे," गुणवंता एकदा म्हणाला. "पाणी लई झालं. पानावरच गेलं."

"पाणीच तर लागतं हो त्याला."

"तुमच्याकडं लागत असन, बाई."

छपन्नच्या चैत्रात आई आजारी असल्याची तार आली. शाळेला सुट्टी लागतच होती. नवराबायको दोघं निघाले. जाताना बाईनं मागच्या दाराची किल्ली गुणवंताच्या हातात दिली.

"घरात कोणी नाही, म्हणजे नहाणीचं पाणीही नाही. सोनटक्क्याला रोज दोन घागरी तरी घाला. विसरू नका हं. यंदा तरी फुलू दे बाई. आईला सांगता येईल."

"निश्चिंत जा जी. तुमी याल तवा कळ्या दाखवतो."

हे तो अगदी मनापासून बोलला. बाईनं त्याला काम दिलं होतं, मान दिला होता, आणि तिला हवं होतं ते एवढंसं. जे काम तालुक्यात कोणापेक्षाही आपल्याला जास्त कळतं, त्याच कामाची तिला गरज होती. परतफेडीची याच्यापेक्षा चांगली संधी कुठून येणार?

त्यानं सोनटक्क्याला ताण दिला.

घरातून पाणी येतच नव्हतं. त्यानं घागरीही बंद केल्या. खुरप्यानं गड्ड्यांवरची माती ओढून बाजूला केली, बेतानं, एकही मूळ न दुखावता. संत्र्याला करतो तशीच. सावलीसाठी बाईनं लावलेला पऱ्हाट्यांचा, कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, आडोसा काढून ठेवला. मनकर्णा दुसऱ्या दिवशी घागर घेऊन तिकडं निघाली तर त्यानं तिला थांबवलं.

"अवो, बाई पाणी घालाले सांगून गेली न?"

"बाईले फूल पाहिजे का पाणी?"

"मले काय मालूम? ते सांगून गेली पाणी."

"तू घागर ठेव. मी पाहून राहिलो न."

रोज सकाळी तो जाऊन पाहायचा. आठव्या दिवशी पानं गुंडाळली. बाराव्या दिवशी कडा पिवळ्या पडल्या. पंधराव्या दिवशी खालची पानं लोळली. गुणवंता खूश. ताण असा एकसारखा बसलेला त्यानं यशवंतरावांच्या बागेतही क्वचित पाहिला होता. बागेत म्हातारा दादाजी मजूर होता, त्याला त्यानं सांगितलंही, "मास्तरणीच्या फुलाले बहार धरला. पाहाले ये."

विसाव्या दिवशी त्यानं ताण तोडायचं ठरवलं. आधी थोडं शेणखत, मग हलकं पाणी, चार दिवसांनी दुसरं, जरा जास्त. सगळं रीतीनं. मनकर्णेनं पाणी आणलं, त्यानं ओंजळीनं पसरलं. आठवडा गेला. संत्र्याला एवढ्या दिवसांत डोळे फुगलेले दिसतात. इथं काहीच नव्हतं. त्यानं मधला दांडा धरून हलकेच हलवला, तर तो हातात आला. दुसरा धरला. तोही आला.

मग त्यानं खणलं. गड्डे बोटांत घेतले. आल्याची सुंठ व्हावी तसे ते झाले होते, हलके, सुरकुतलेले, आत दोरे. तो ते हातात धरून बसला आणि त्याला जे पहिल्या दिवशी कळायला हवं होतं ते कळलं. हे झाड नव्हतंच. याला खोड नाही, लाकूड नाही. हे हळदीच्या, आल्याच्या जातीचं, अंगातलं पाणी हेच याचं सगळं. हळद त्यानं काय पाहिली नव्हती? कोणी हळदीच्या वाफ्याचं पाणी तोडलं असतं तर त्यानं त्याला वेड्यात काढलं असतं. पण फुलायचं म्हटलं की त्याच्या डोक्यात संत्रं यायचं आणि दुसरं काही यायचं नाही.

घरी आल्यावर मनकर्णेनं तोंड पाहूनच ओळखलं.

"मेला?"

"हाव."

तिनं घागर भिंतीशी पालथी ठेवली. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

त्या वर्षी ऊन फार होतं. पांढुर्ण्याकडं आंब्याची झाडं उभी वाळली, लोक सांगत होते. उन्हानं गेला म्हटलं असतं तर कोणीही मानलं असतं. बाईनंही मानलं असतं. गुणवंतानं चार दिवस ते वाक्य मनात फिरवून पाहिलं. पण दादाजीला तो आधीच सांगून बसला होता, आणि दादाजीनं ते सगळ्या बागेला सांगितलं होतं. तेवढंच कारण होतं असं नाही. उन्हावर ढकलणं म्हणजे वाकड्या खांबाला दगडाचा टेकू लावून त्याला सरळ म्हणणं, असं त्याला वाटत होतं.

जूनच्या सुरुवातीला गुरुजी आणि बाई परत आले. गुणवंता किल्ली घेऊन दारातच उभा होता. बाई टांग्यातून उतरली. तिच्या अंगावर साधं पांढरट लुगडं होतं, चेहरा ओढलेला. त्यानं थांबायला हवं होतं हे त्याला नंतर कळलं. पण तो चार दिवस हेच घोकत होता, आणि ते बाहेर पडलं.

"बाई, सोनटक्का गेला. उन्हानं नाही गेला. मी मारला."

बाईनं हातातली पिशवी खाली ठेवली. "म्हणजे?"

त्यानं सांगितलं. काही गाळलं नाही.

"रोज दोन घागरी सांगितल्या होत्या मी."

"हो जी."

"एकही नाही घातलीत?"

"नाही जी."

बाई म्हणाली, "आई गेली माझी, गुणवंताभाऊ. घर भावानं विकायला काढलंय. तिथलं परस आता आमचं नाही. निघताना शेजारीण म्हणाली, एखादा गड्डा ने. मी म्हटलं, कशाला, माझ्याकडे आहे."

गुणवंता पायरीवर बसला. गुरुजी टांगेवाल्याशी काहीतरी बोलत उगाच तिकडं थांबले होते. गुणवंताला वाटलं, आता बाई म्हणणार, उद्यापासून येऊ नका. ती म्हणाली असती तर तो उठून गेला असता, आणि तिला एका शब्दानं दोष दिला नसता.

बाई घरात न जाता थेट मागच्या अंगणात गेली. खणलेली जागा तिनं पाहिली.

"सगळं खणलंत?"

"नहाणीच्या भिंतीपर्यंत."

"आणि नहाणीच्या फरशीखाली?"

फरशीखाली त्यानं पाहिलं नव्हतं. पाण्याच्या ओढीनं गड्डा तिकडं सरकला असेल हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. गुरुजींनी पहार आणली. फरशी जड होती आणि गुणवंताची कंबर तशी, म्हणून पहार गुरुजींनी दाबली आणि फट झाली तसे गुणवंतानं आडवे पडून आत हात घातले. माती गार होती. बोटांनी चाचपत त्यानं एक तुकडा बाहेर काढला, अंगठ्याएवढा. एका बाजूनं वाळलेला. दुसऱ्या बाजूला पांढुरका, टणक, आणि त्यावर ज्वारीच्या दाण्याएवढा एक डोळा.

बाईनं तो वाटीत धुतला, पुसला आणि गुणवंतासमोर धरला. त्यानं हात मागं घेतले.

"मले नका देऊ, बाई."

"मग कोणाला देऊ?"

"कोणालेही द्या. मले नका."

"ह्याला काय चालत नाही ते आता तुमच्याएवढं सौंसरात कोणाला ठाऊक आहे?" बाई म्हणाली. तिच्या आवाजात माया नव्हती, रागही नव्हता, ती दमलेली होती. "मला तीन वर्षांत एक फूल नाही आणता आलं. धरा. घरी न्या. डोळ्यासमोर ठेवा."

त्यानं दोन्ही हातांनी तो तुकडा घेतला. नंतर गुणवंता म्हणायचा, कंबर मोडली त्या दिवशी मी रडलो नाही, पण त्या दिवशी घरी येताना वाटेत दोनदा थांबलो.

त्याच्या घराच्या उत्तरेच्या भिंतीला पाण्याचा रांजण होता. तिथं सगळे हातपाय धुवायचे, ऊन फक्त सकाळी घटकाभर यायचं. त्या जागी त्यानं हातभर लांब-रुंद खड्डा घेतला. मुरूम काढून टाकला. नदीकाठचा गाळ, कुजलेलं शेण आणि घरची माती सारखी मिसळून चाळणीनं चाळून भरली. तुकडा दोन बोटं खोल ठेवला, डोळा वर. वरून ओलं गोणपाट. एका मूठभर कामाला त्याचे दोन दिवस गेले, कारण पहिली माती त्याला भरड वाटली म्हणून त्यानं ती काढून परत भरली.

पाणी आणायचं ते मनकर्णेनं. विहीर दोनशे पावलांवर. घरच्या चार घागरी ती आणायचीच, आता आणखी दोन. पाऊस येईतोवर आणि पाऊस ओढ देई तेव्हा, एक दिवस चुकला नाही.

"सवत आणली माही घरात," ती घागर उतरवताना म्हणायची. "मी प्याले मागतो तं उठत नाही माणूस. आन हिले न्हाऊ घालाले दोन टायमाले हजर."

"घाल व माय. जीव हाये तो."

"जीव हाये तं काय मी दगड हावो?"

पण गोणपाट सुकलेलं दिसलं की विचारायच्या आधी तीच ओलं करायची.

अकराव्या दिवशी माती फुगली. तेराव्या दिवशी हिरवं टोक दिसलं, सुईएवढं. गुणवंतानं बाईला सांगायला जायच्या आधी आणखी चार दिवस थांबून खात्री केली. बाई आली, खाली बसली, बोट लावलं नाही. "अगदी आईसारखं करता तुम्ही," एवढं म्हणून गेली. कोणाच्या आईसारखं, ते त्यानं विचारलं नाही.

बागेत मात्र त्याची चांगलीच शोभा झाली. दादाजी भेटला की म्हणायचा, "गुणवंता, तुयी म्हैसही ताणावर ठेव न एकडाव. दूध डबल देईन!" यशवंतराव हसून म्हणाले, "यंदा आमच्या झाडाले तरी पाणी सोडजो बाप्पा वेळेवर." गुणवंता चिडायचा नाही. उलट नव्या माणसाला तो स्वतःच ती गोष्ट सांगायचा, आधी. आणि कोणी बांधावर बोलावलं, तर पूर्वीसारखं लगेच न बोलता विचारायचा, झाड किती वर्षांचं, माती किती खोल, मागच्या साली काय केलं. लोकांना वाटलं, गुणवंताचा स्वतःवरचा भरवसा उडाला. पण त्याचे अंदाज पूर्वीपेक्षा पक्के निघू लागले.

त्या वर्षी पावसाळाभर सौंसरात एकच बोलणं. राज्यांची नवी मांडणी होणार, नागपूर मुंबईच्या राज्यात जाणार, आपण इकडंच राहणार, आणि राजधानी भोपाळ. कापूस नागपूरला, लेकी नागपूरकडं दिलेल्या, दवाखाना नागपूरला, आणि कागद मात्र भोपाळचा. नोकरदारांची वाटणी होऊ लागली. गुरुजींचे भाऊबंद वर्ध्याकडं होते. त्यांनी तिकडचा अर्ज केला होता. दिवाळीनंतर हुकूम आला.

तोपर्यंत रांजणाजवळच्या खड्ड्यात तीन दांडे झाले होते, मांडीएवढ्या उंचीचे. फूल नव्हतं. बाई निघायच्या दोन दिवस आधी आली.

"अर्धा मला काढून द्या आणि अर्धा तुम्ही ठेवा."

गुणवंता उकिडवा बसला, दांड्यांची बुडं चाचपून पाहिली. "नाही जी."

"का?"

"गड्डा कोवळा हाये. आता कापला तं दोनी अर्धे मरतीन. सगळाच न्या. मी पोत्यात बांधून देतो."

"आणि तिथलं घर कसं असेल, पाणी कसं असेल, मला काही माहीत नाही." बाईचा हात एका पानावर होता. हे तिच्या आईचं शेवटचं, आणि ते न्यावं की ठेवावं हे तिलाच ठरवायचं होतं. मनकर्णा घागर कमरेवर घेऊन दारात तशीच उभी राहिली. "नको. इथेच राहू दे. कापता येईल तेव्हा कळवा. मी येईन."

"किती दिवस लागन, सांगता येत नाही."

"लागू देत."

गुरुजी-बाई गेले. नव्या राज्याचा पहिला महिना. लोकांना पाट्यांवर काय लिहायचं ते कळत नव्हतं. गुणवंताला कसलाच फरक पडला नाही. त्याच्याकडं करायला काम होतं, आणि ते त्याच्यावर टाकून एक माणूस विश्वासानं निघून गेलं होतं. यापेक्षा मोठी मजुरी त्याला कधी मिळाली नव्हती, असं तो म्हणायचा.

सत्तावन्न साली सात दांडे झाले, फूल नाही. त्यानं खचून न जाता जागा तपासली. दुपारी पश्चिमेकडून गरम वारा आत शिरत होता. त्यानं तुराट्यांची, तुरीच्या वाळक्या काड्यांची, ताटी बांधली, आतून शेणानं लिंपली. रांजणाच्या बुडाला मुद्दाम एक बारीक भोक पाडलं, म्हणजे थेंबथेंब पाणी चालू राहील. मनकर्णा म्हणाली, "भरलेल्या रांजणाले भोक पाडणारा माणूस मी पहिल्यांदा पाहून राहिली." आणि दोनच्या तीन घागरी करून टाकल्या.

अठ्ठावन्नच्या भाद्रपदात एका संध्याकाळी मनकर्णेनं हाक मारली. तो आत भाकर खात होता. उष्ट्या हातानंच बाहेर आला. शेंड्याच्या हिरव्या कणसातून तीन फुलं बाहेर आली होती, पांढरी, पातळ, फुलपाखरासारखी. वास त्याला आधी कळलाच नाही. मग एकदम कळला. दोघंही रांजणाच्या कडेला बसून राहिले. मनकर्णा म्हणाली, "बाईच्या मायनं पाह्यलं असतं तं बरं झालं असतं." त्यानं रांजणातलं पाणी घेऊन उष्टा हात सोनटक्क्याच्या बुडाशी धुतला.

दुसऱ्या दिवशी त्यानं पोस्टातल्या बाबूकडून कार्ड लिहून घेतलं. बाबूनं विचारलं, "काय लिहू?" गुणवंता म्हणाला, "लिवा, कापता येते."

बाई एकटीच आली, छिंदवाड्याच्या छोट्या गाडीनं, सकाळी. केस थोडे पांढरे झाले होते. त्या दिवशी नऊ फुलं होती. ती रांजणापाशी गेली, वाकली आणि तशीच राहिली. मनकर्णेनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि पाणी आणायच्या निमित्तानं आत गेली. गुणवंता जरा दूर उभा होता. दोन वर्षं त्याला एक गोष्ट बोलायची होती.

"बाई, त्या दिवशी तुमी मले हाकललं नाही."

बाईनं पदरानं डोळे पुसले. "हाकललं असतं तर ह्याला रोज पाणी कोणी घातलं असतं?"

"ते तं ह्या मनकर्णेनं घातलं."

"हाव," मनकर्णा आतून म्हणाली, "सांगा बाईले. खरं सांगा."

तिघंही हसले. बाईनं मनकर्णेला गळ्याशी धरलं. मनकर्णा लाजली, कारण तिला तसं कोणी धरत नसे.

गड्डा काढायला गुणवंताला दुपारपर्यंत वेळ लागला. त्यानं कोणाला हात लावू दिला नाही. चारी बाजूंनी वीतभर अंतर ठेवून खणलं, माती हातानं सोडवली, विळा चुलीवर तापवून पुसला आणि गड्डा जिथं आपणहून अरुंद झाला होता तिथंच कापला. एका भागाला आठ दांडे, एकाला सहा. आठांचा बाईला. कापलेल्या जागी राख लावली. ओलं गोणपाट, त्यावर केळीचं पान, वर सुतळीचे तीन वेढे, घट्ट पण दाबून नाही.

स्टेशनवर त्यानं ते गाठोडं बाईच्या मांडीवर ठेवलं, बाकाखाली ठेवू दिलं नाही. गाडी हलायला लागली तसा तो खिडकीला धरून चार पावलं चालला, कंबर सांभाळत.

"बाई, सावनेरले गाडी थांबते. तिथं गिलासभर पाणी घाला. नागपूरले पुन्हा गिलासभर. आन तिकडं कोणी शहाणा म्हणन का हे माजलं, पाणी तोडा..."

"तर?"

"तं त्याले माह्याकडं पाठवा."